तात्यांचं मशीन आमच्या पार्टीत

आमच्या धंद्यात सगळं 'मारतात'. विंडोज मारून द्या. फॉरमॅट मारा. जाता जाता अँटिव्हायरस मारा. बारामती ते इंदापूर या पट्ट्यातल्या शाळा, पतसंस्था, झेरॉक्सची दुकानं आणि दूध संकलन केंद्रं यांचे कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा माझा पोटाचा धंदा. स्कूटरच्या डिकीत स्क्रू ड्रायव्हरचा संच, पंख्यातली धूळ काढायचा ब्रश, दोन-तीन पेन ड्राइव्ह आणि एक चादर. चादर अशासाठी की पुष्कळ ठिकाणी कॉम्प्युटर टेबलाखाली असतो आणि त्याच्यापर्यंत पोचायला लोळावं लागतं.

इंदापुरातून निघणाऱ्या या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं, तुमच्या कामातले अनुभव लिहा, तरुणांना प्रेरणा मिळेल असं काहीतरी. मी बरेच दिवस शोधलं. माझ्याकडे प्रेरणा सापडली नाही. लाज सापडली, तीच लिहिते आहे.

मी पत्रकांत वाढले. अक्षरशः. माझे वडील, अण्णा, कारखान्यात फिटर होते आणि आयुष्यभर कामगारांच्या चळवळीत. आमच्या घरी पलंगाखाली भांडी नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. पाढे मी पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिले. वाचायला शिकले ते 'बंधूंनो आणि भगिनींनो' यापासून. अण्णांची एक पद्धत होती. नवीन पत्रक छापायच्या आधी ते एसटी स्टँडवर जायचे, ज्याला चळवळीशी काही देणंघेणं नाही असा एखादा माणूस गाठायचे आणि त्याला मजकूर वाचून दाखवायचे. त्याला कळला नाही तर घरी येऊन परत लिहायचे. आई म्हणायची, तो माणूसच बिनडोक असेल. अण्णा म्हणायचे, पत्रक त्याच्यासाठीच हाय, हुशारांसाठी न्हाय.

हे मी लहानपणापासून ऐकलं होतं. तरी पुढचं सगळं मी केलं.

लिनक्स म्हणजे काय, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कॉम्प्युटर सुरू केल्यावर आतून सगळा कारभार बघणारी एक मूळ व्यवस्था लागते. विंडोज ही तशी एक. ती विकत घ्यावी लागते, पण आपल्याकडे बहुतेक दुकानांत ती चोरून टाकलेली असते. लिनक्स ही दुसरी. ती कुणा एकाच्या मालकीची नाही. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिली, कुणीही घ्यावी, वापरावी, उघडून बघावी, बदलावी, शेजाऱ्याला द्यावी. फुकट हा तिचा गुण नाही. तिच्यात मालक नाही, हा गुण. पत्रकांत वाढलेल्या मुलीला हे कळल्यावर तिचं काय झालं असेल, याची कल्पना करा. मला वाटलं, अण्णांची सगळी भाषणं कुणीतरी कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवली आहेत.

मग मीही पत्रक काढलं. 'तुमचा कॉम्प्युटर खरंच तुमचा आहे का?' बारामतीच्या आठवडे बाजारात कांद्याच्या ढिगांमधून फिरत मी ते वाटलं. टेलिग्रामवर गट काढला, नाव 'मुक्तद्वार'. पुण्याची, नाशकाची मुलं त्यात आली. मी ॲडमिन.

आणि मी एक नियम केला. गिऱ्हाइकाच्या मशीनवर लिनक्स मी टाकणार नाही. त्यानं स्वतः टाकायचं, मी शेजारी हाताची घडी घालून बसणार. अडलं तर गटावर विचारायचं. विचारायच्या आधी 'वाचा' नावाची एक फाइल वाचायची, ती मी प्रत्येकाच्या पडद्यावर ठेवून यायची. त्यात सगळं होतं. मला तिचा अभिमान होता. ती इतकी लांब होती की मीसुद्धा ती लिहिल्यावर पुन्हा कधी वाचली नाही.

सांगवीच्या एका दूध संकलन केंद्राच्या सचिवांनी माझं पत्रक वाचून उत्साहानं लिनक्स टाकलं. दुधाची फॅट मोजणारं यंत्र कॉम्प्युटरला जोडलेलं असतं, ते यंत्र लिनक्सशी बोलेना. सकाळी गवळी किटल्या घेऊन रांगेत, आणि सचिव फोनवर. मी त्यांना इंग्रजीतल्या एका पानाची लिंक पाठवली. दुसऱ्या सकाळी फोन आला, तेव्हा तेच पान पुन्हा पाठवलं. तिसऱ्या सकाळी फोन आला नाही. त्यांनी बारामतीहून दुसरा माणूस बोलावून विंडोज मारून घेतलं होतं. गटावर मी लिहिलं, आणखी एक पळपुटा. आमच्यात हाच शब्द होता. जो परत गेला तो पळपुटा. त्याच्यामागे किती गवळी उभे होते, हे आम्ही विचारत नसू.

आता तात्यांकडे येते.

तात्यांचं इंदापुरात डीटीपीचं दुकान आहे. डीटीपी म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून छापण्याजोगं पान तयार करणं, ज्याला सगळे 'पान लावणं' म्हणतात. लग्नपत्रिका, दहाव्याची कार्डं, जत्रेची हँडबिलं, निवडणुकीची पत्रकं. तात्यांच्या आधीच्या पिढ्यांनी मेंढरं राखली. तात्या टायपिंगची परीक्षा पास झाले, आधी कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसले आणि मग कॉम्प्युटरवर आले. अण्णांची सगळी पत्रकं त्यांनीच लावली. अण्णांच्या विरोधातल्या पॅनेलचीही त्यांनीच लावली. अण्णा चिडले की तात्या म्हणायचे, "अण्णा, तुमचा 'निषेध' बी मी ठळक करतो, त्यांचा बी ठळक करतो. माझ्याकडं दुजाभाव न्हाय." अण्णा गेले तेव्हा शोकसभेचं पत्रक तात्यांनी न सांगता लावून आणलं. त्यात एकही चूक नव्हती. अण्णांच्या हयातीत असं कधी झालं नव्हतं, कारण अण्णा शेवटच्या क्षणापर्यंत मजकूर बदलत.

गेल्या वर्षी जुन्या विंडोजला इथून पुढे सुरक्षेची डागडुजी मिळणार नाही, अशा सूचना सगळ्यांच्या पडद्यावर येऊ लागल्या. तात्यांचं मशीन जुनं, नवीन विंडोज त्याला झेपणारी नव्हती. शिवाय चोरीच्या सॉफ्टवेअरवर धाडी पडतात, अशी आवई अधूनमधून उठतेच. तात्यांनी मला दुकानात बोलावलं, चहा सांगितला आणि म्हणाले,

"पोरी, बाजारात तू पत्रक वाटलंस, ते मी वाचलं. अण्णांसारखंच लिहितीस. माझं बी मशीन घे तुझ्या पार्टीत."

मी म्हणाले, ही पार्टी नाही तात्या. ते म्हणाले, पत्रक हाय म्हणजे पार्टी असणारच.

मी त्यांना नियम सांगितला. स्वतः टाकायचं. ते टाकायला बसले. मी हाताची घडी घातली. चष्मा वर-खाली करत, इंग्रजी शब्द एकेक अक्षर लावून वाचत त्यांनी ते टाकलं. मध्ये दोनदा माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. शेवटी लिनक्सचं निळं पान उघडलं, तेव्हा त्यांनी उदबत्ती लावली आणि मला पेढा दिला. तो पेढा मी खाल्ला.

खरी गोष्ट इथून सुरू होते, आणि ती बोटांची आहे.

तात्यांची बोटं टाइपरायटरवर घडलेली. टाइपरायटरवर मराठी अक्षरांच्या जागा एका ठरावीक पद्धतीनं असत आणि जुन्या डीटीपीवाल्यांनी त्याच जागा कॉम्प्युटरवरही चालू ठेवल्या. तात्या गिऱ्हाइकाशी गप्पा मारत, त्याच्याकडे बघत टाइप करायचे. हात खाली पत्रिका लावत आणि तोंड वर उसाच्या तोडीची चौकशी करत. कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायची सरकारमान्य, प्रमाणित पद्धत वेगळी आहे. तिच्यात अक्षरांच्या जागा दुसऱ्या आहेत. माझ्या मते सगळ्या महाराष्ट्रानं ती शिकायला हवी होती, आणि आजही माझं तेच मत आहे.

लिनक्समध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये एक यादी असते. त्या यादीत मराठीखाली प्रमाणित पद्धतही असते आणि टाइपरायटरची पद्धतही असते. दोन क्लिक केल्या की तात्यांची बोटं जशी होती तशी चालली असती. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी सांगितलं नाही.

विसरले नव्हते. ठरवून सांगितलं नाही. 'वाचा' फाइलमधूनही तो भाग मी गाळला. माझा विचार असा, की जुनी वाट उघडी ठेवली तर माणूस नव्या वाटेनं कधी चालणारच नाही. क्रांती अर्धी करायची नसते. हे वाक्य मी तेव्हा मनात खरोखर म्हटलं होतं. दुसऱ्याच्या बोटांवर केलेली क्रांती किती स्वस्त पडते, हे आता कळतं.

तात्या दोन बोटांनी टाइप करू लागले. गिऱ्हाइकाकडे बघणं बंद झालं. समोर कोण बसलंय हे त्यांना कळेना. एकदा मी दुकानावरून जात होते. ते कीबोर्डवर वाकून एक अक्षर शोधत होते, मान बगळ्यासारखी झाली होती. मला बघून म्हणाले, "पोरी, पयलीत घातलंय बघ तू मला." मी म्हणाले, सवयीनं येईल तात्या, कष्टाशिवाय काही मिळत नाही. ते हसले आणि पुन्हा वाकले.

तुळशीची लग्नं लागली आणि माणसांच्या लग्नांची सराई सुरू झाली. आपल्याकडे लग्नपत्रिकेचं काम कसं चालतं, हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. पत्रिकेत मजकूर थोडा असतो, नावं फार असतात. निमंत्रक कोण, आपले नम्र कोण, प्रमुख उपस्थिती कुणाची, समस्त भावकी, मामा मंडळी, आणि तळाला पोरांची 'किलबिल'. कुणाचं नाव कुठल्या चौकटीत आणि कुणाच्या वर, यावर घरं जुळतात आणि तुटतात. म्हणून कुणी नवीन यादी करत नाही. येतात आणि सांगतात, तात्या, मागच्या लग्नाची काढा, तीच ठेवा. आमचे बापू गेले, त्यांना 'कै.' लावा. तात्या जुनी फाइल उघडत, नवरा-नवरीची नावं बदलत, गेलेल्यांना 'कै.' लावत. क्रमाला हात लावत नसत. क्रम त्यांनी ठरवलेलाच नव्हता. घराघरांनी भांडून तो एकदा ठरवला होता आणि तो त्या फायलींत बसलेला होता.

त्या फायली आम्ही लिनक्ससाठी बदलून घेतल्या होत्या. जुन्या पद्धतीची अक्षरं नव्या पद्धतीत आणणारा एक प्रोग्रॅम आमच्या गटातल्या एका मुलानं लिहिला होता. तो अक्षरं बरोबर बदलायचा. पण पानावरच्या चौकटी मात्र जागच्या हलायच्या. व्याही-जावई वर, सख्खे भाऊ खाली, मामा कुठेतरी कोपऱ्यात. हे आम्हाला ठाऊक होतं. 'वाचा' फाइलमध्ये, बरंच खाली, मी लिहिलंही होतं की बदलण्यापूर्वी प्रत्येक जुन्या पानाचं चित्र काढून एका फोल्डरमध्ये ठेवलं आहे, ते बघून चौकटी पुन्हा लावाव्यात. फोल्डरचं नाव इंग्रजीत होतं.

कऱ्हाटीचे भगवानराव मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेचं काम घेऊन आले. थोरल्या मुलीच्या लग्नाची काढा म्हणाले. तात्यांनी फाइल उघडली, तर सगळी भावकी पांगलेली. भगवानराव काय बदलायचं तेवढं सांगून बाजारात गेले होते. तात्यांनी आमच्या गटावर आवाजातला निरोप टाकला. तो माझ्याकडे अजून आहे.

"राम राम मंडळी. मी इंदापूरवरनं बोलतोय, डीटीपीवाला. पत्रिकेतल्या नावांच्या चौकटी खालीवर झाल्यात. पयली कशी हुती ते बघायची काय सोय हाय का? पावणं बाजारात गेल्यात, येतील आता. जरा लवकर सांगा."

द्यायचं उत्तर एका ओळीचं होतं. तात्या, अमुक फोल्डर उघडा, जुनं पान दिसेल. बस.

पहिलं उत्तर आलं, इथे आवाजी निरोप चालत नाहीत, लिहून विचारा. दुसरं आलं, आवृत्ती कोणती? तिसऱ्यानं लिहिलं, टाइप करता येत नाही आणि म्हणे डीटीपीवाला. त्याखाली हसणारे चेहरे उमटले. मी तेव्हा कोऱ्हाळे बुद्रुकला एका शाळेत होते, हातात स्क्रू ड्रायव्हर होता, फोन बघायला वेळ होता. ओळखीच्या माणसाला झुकतं माप दिलं असं गटाला वाटू नये, म्हणून मी लिहिलं,

"तात्या, 'वाचा' फाइल वाचलीत का? आधी वाचा, मग विचारा. इथं ओळखीवर उत्तरं मिळत नाहीत."

माझ्या उत्तरालाही अंगठे मिळाले. तात्यांनी लिहिलेलं काहीच आलं नाही. लिहायला त्यांना किती वेळ लागला असता, हे मला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं.

त्यांनी आठवून आठवून, दोन बोटांनी, चौकटी पुन्हा लावल्या. भगवानरावांच्या मुलाला मोबाइलवर फोटो पाठवला. त्यानं नवरीचं नाव बघितलं, तारीख बघितली, आणि ठीक आहे म्हणून कळवलं. पत्रिका बारामतीच्या प्रेसमध्ये छापून आली. रिवाजाप्रमाणे पहिली देवापुढे ठेवली. दुसरी अक्षता लावून भावकीतल्या सगळ्यात थोरल्या माणसाला, भगवानरावांच्या मोठ्या भावाला, आबांना दिली.

आबांचं नाव निमंत्रकांत नव्हतं. ते 'प्रमुख उपस्थिती'च्या चौकटीत, तळाला, एका व्याह्याच्या खाली होतं.

आबांनी पत्रिका परत केली. म्हणाले म्हणे, माझ्याच घरच्या लग्नात मी पाहुणा असलो, तर पाहुण्याला जमलं तर येतो, न्हाय तर न्हाय.

मला तात्यांचा फोन आला. "पोरी, येतीस का जरा?" एवढंच म्हणाले. मी गेले तेव्हा भगवानराव दुकानातल्या स्टुलावर बसले होते, पायाशी पत्रिकांचा अख्खा खोका. ओरडत नव्हते. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांच्या घरी वडील नव्हते, आबांनीच सगळ्या भावांना वाढवलं होतं, आणि कन्यादानाला आबांनी बसावं असं ठरलं होतं. लग्न तोंडावर आलेलं आणि मुलगी तेव्हापासून जेवत नव्हती.

या सगळ्यावर मी काय केलं? मी भाषण केलं. म्हणाले, काका, नावाच्या जागेवरून माणूस लहानमोठा होत नाही, ही मानपानाची सरंजामी पद्धत आहे, आपणच ती मोडायला हवी.

भगवानरावांनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले,

"तुमच्या अण्णांचं पत्रक यायचं आमच्या गावात. खाली नावं असायची. पयलं अध्यक्षाचंच असायचं न्हवं? का कधी शिपायाचं टाकलंत?"

तो प्रश्न मी टाळला.

मग मी जे बोलले ते त्याहून वाईट होतं. म्हणाले, मशीनची यात चूक नाही, सूचना लिहून ठेवल्या होत्या, त्या वाचल्या गेल्या नाहीत. तात्या माझ्याकडे न बघता मध्येच बोलले.

"चूक माझी हाय, भगवानराव. मशीनची न्हाय, पोरीची बी न्हाय. माझा हात अजून बसला न्हाय. मी दुसऱ्या छापून देतो आणि आबांकडं मी येतो. पोरी, गाडी हाय न्हवं तुझी?"

जुन्या पानांचं ते फोल्डर मी तिथेच उघडून दिलं. तात्यांनी नव्या पत्रिका लावल्या, त्या छापून आल्या, आणि आम्ही कऱ्हाटीला गेलो. माझ्या स्कूटरवर मागे तात्या, मांडीवर खोका. वाटेत ते उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना वाट द्यायला सांगत होते.

आबा ओट्यावर होते. त्यांनी तात्यांना बसायला घोंगडी टाकायला लावली. मला वाटलं होतं, आता आबा तात्यांना झाडतील. त्यांनी फक्त विचारलं, "तुझ्या हातनं कसं झालं रं हे?"

तात्या म्हणाले, "नवीन शिकतोय, आबा. बोटं ऐकत न्हाईत."

"या वयात कुणी सांगितलं?"

"हिच्या अण्णांची पार्टी हाय. ते असते तर मला म्हणलेच असते, तात्या, चोरीचं वापरू नको. मग म्हणलं, पोर म्हणतीय तर घ्यावं शिकून."

मी ओट्याच्या कडेला उभी होते. आबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. नवी पत्रिका हातात घेतली, लांब धरून पहिली चौकट वाचली आणि उपरण्यात ठेवली. भगवानरावांना म्हणाले, "लग्नाला येतो. कन्यादानाला बसतो. जेवणार मात्र न्हाय."

आणि ते खरंच जेवले नाहीत. कन्यादान केलं, पोरीला पोटाशी धरलं, आणि पंगत बसायच्या आधी चपला घालून शेताकडे गेले. हे मला तात्यांनी सांगितलं. कऱ्हाटीच्या त्या भावकीचं एकही काम त्यानंतर तात्यांकडे आलेलं नाही. त्यांच्या पत्रिका आता बारामतीला होतात. तात्या म्हणतात, जाऊ दे, तितंच प्रेस हाय, त्यांना जवळ पडतं.

कऱ्हाटीहून परतल्यावर मी दुकानातच थांबले. तात्या हातपाय धुवायला मागे गेले होते. मी त्यांच्या खुर्चीवर बसले, सेटिंग उघडली, यादीत गेले, दोन क्लिक केल्या. ते आले तेव्हा म्हणाले, काय करतीस? मी म्हणाले, बसा आणि पहिल्यासारखं टाइप करून बघा, टाइपरायटरसारखं.

तात्यांनी बोटं ठेवली. आधी जपून, चूल तापलीय का बघावं तशी. मग बोटं सुटली. त्यांनी काय टाइप केलं, तर अण्णांच्या पत्रकाची सुरुवात. 'बंधूंनो आणि भगिनींनो.' पडद्याकडे न बघता, माझ्याकडे बघत. पुष्कळ दिवसांनी ते टाइप करताना माझ्याकडे बघत होते.

मग थांबले आणि म्हणाले, "पोरी, हे आधीपास्नं हुतं?"

त्यांच्या आवाजात संशय नव्हता. नुसतं विचारत होते.

मी म्हणाले, "नाही तात्या. आजच अपडेट आलं."

"व्हय?" ते म्हणाले. "माझ्यासाठीच आलं म्हणायचं."

दुसऱ्या दिवशी गटावर त्यांचा आवाजी निरोप आला. राम राम मंडळी, तुमी माझ्यासारख्यासाठी जुना कीबोर्ड आणलात, लई उपकार झाले, देव तुमचं भलं करो. या वेळी कुणी म्हणालं नाही की आवाजी निरोप चालत नाहीत. एका मुलानं मात्र लिहिलं, पण हे तर कायमच होतं. मी ॲडमिन. तात्यांनी बघायच्या आत मी ते काढून टाकलं. मग तात्यांनी गटासाठी म्हणून माझ्याकडे पेढ्यांचा पुडा दिला. गट पुण्या-नाशकाचा, पेढे कुणाला पोचवणार? तोही मीच खाल्ला.

त्यानंतर मी नियम मोडला. आता मशीन मी स्वतः लावून देते, हाताची घडी घालत नाही. समोरच्याची बोटं काय शिकलेली आहेत, ते आधी विचारते. सांगवीच्या सचिवांकडे जाऊन आले. त्यांनी चहा पाजला, लिनक्सचं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही. 'वाचा' फाइल मी एसटी स्टँडवर बसून एका कंडक्टरला वाचून दाखवली. दुसऱ्या ओळीला ते म्हणाले, मॅडम, गाडी सुटायची वेळ झाली. फाइल पुन्हा लिहिते आहे. लिनक्सवर माझा विश्वास तसूभर कमी झालेला नाही, उलट वाढला आहे. पण ज्या व्यवस्थेत मालक नाही असं मी बाजारात ओरडून सांगत होते, तिच्या दारात मीच मालकीण होऊन बसले होते. कोणाला कोणती किल्ली द्यायची, हे मी ठरवत होते.

तात्या अजून लिनक्सवरच आहेत. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतात, अण्णांच्या पोरीची पार्टी लई माणुसकीची हाय, माझी बोटं चालंनात तर त्यांनी माझ्यासाठी अपडेट काढलं. लोक ऐकतात. दोघा-तिघांनी त्यांच्या शब्दावर मशीनं बदलूनही घेतली. मी समोर असते तेव्हा खाली बघते. प्रत्येक वेळी वाटतं, आता सांगावं. प्रत्येक वेळी समोर त्यांचा चेहरा असतो आणि मी अण्णांची मुलगी असूनही माझं तोंड उघडत नाही.

म्हणून हा लेख हातानं लिहून दिला आहे. या अंकाची सगळी पानं तात्याच लावतात. संपादक मजकूर नेऊन देतात आणि तात्या तो कागद डाव्या हाताला ठेवून, टाइपरायटरच्या जुन्या जागांवर बोटं ठेवून, ओळीमागून ओळ टाइप करत जातात. मजकुरात ते कधी काही बदलत नाहीत, निषेध असो की काही असो. म्हणजे हे वाक्यही ते आत्ता टाइप करत असणार.

तात्या, ते आधीपासून होतं.